दक्षिणमुखी दाराला बोल कशासाठी?

जुन्या इंदुरातील एखाद्या मराठी घरावर 'मकान बिकाऊ है' अशी पाटी चढते आणि मग ती वर्षानुवर्षे तेथेच राहते. दोन पावसाळ्यांत तिची अक्षरे पुसट होतात, दिवाळीच्या सुमारास कोणीतरी ती पुन्हा रंगवितो, आणि घर पुन्हा गिऱ्हाइकाची वाट पाहू लागते. आमच्या मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी जमणाऱ्या ज्येष्ठ मंडळींत हा विषय वारंवार निघतो. कारणेही ठरलेली असतात. घर दक्षिणमुखी आहे. हल्लीच्या लोकांना वास्तूचे वेड लागले आहे. बोळ अरुंद असल्याने मोटार दारापर्यंत येत नाही. नव्या पिढीला ओसरी-माजघर नको, गावाबाहेरच्या मल्टीतील फ्लॅट पाहिजे. दलाल लबाड आहेत. थोडक्यात, गिऱ्हाईक वाईट, काळ वाईट, दिशा वाईट. चांगले काय ते फक्त घर आणि घरवाले.

आम्हांस हे मान्य नाही. नोंदणी खात्याच्या नोकरीत आमची तीन दशके गेली. या काळात दक्षिणमुखी घरांची किती खरेदीखते आमच्यासमोर नोंदली गेली याची गणती नाही. बोळातील घरे विकली गेली, वाळवी लागलेली विकली गेली, अर्धी पडलेलीही विकली गेली. मात्र जी माणसे चौकशीला येत, टेबलावर कागद पसरीत आणि मुकाट्याने ते पुन्हा पिशवीत भरून परत जात, त्यांची अडचण दिशेची कधीच नव्हती. ती कागदांची होती, आणि कागदांच्या मुळाशी जाऊन पाहिले तर माणसांची होती. घरातील कोणाला तरी विचारलेले नसे, कोणापासून तरी काही लपविलेले असे, आणि गिऱ्हाइकाला त्याचा सुगावा लागलेला असे. ही गोष्ट आपल्या माणसांत आणि स्पष्टपणे बोलली पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम दिशेचा निकाल लावू. पूर्वपश्चिम गेलेल्या कोणत्याही गल्लीत उभे राहून पाहावे. एका बाजूची सगळी घरे उत्तरमुखी, तर समोरची सगळी दक्षिणमुखी. दक्षिणेचे दार खरोखरच सत्यानाश करणारे असते, तर अशा प्रत्येक गल्लीची एक बाजू भरभराटीला आणि दुसरी धुळीला मिळालेली दिसली असती. तसे कोठे दिसत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. उत्तर ही तर कुबेराची दिशा. तरीही १८१८ साली पेशवाई बुडाली आणि १८२८ च्या आगीत वाडा जळाला. वास्तुशांती करावी, घराविषयी कृतज्ञता बाळगावी, याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत होकायंत्र हाती घेऊन जे सल्लागार दारोदार हिंडू लागले आहेत, त्यांच्या धंद्याला आपण शास्त्र म्हणावे असा आग्रह कोणी धरू नये.

"पण गिऱ्हाईकच तसे सांगून गेले," असे यावर उत्तर येते. खरे आहे. गिऱ्हाईक तसे सांगते. ते का सांगते, याचा मात्र आपण विचार करीत नाही. समजा, एक तरुण जोडपे घर पाहावयास आले. सत्तरीतील गृहस्थांनी त्यांना चहा पाजला, सागवानी खांब दाखविले, देवघर दाखविले. निघताना त्यांनी सहज विचारले, "घर कोणाच्या नावावर आहे?" गृहस्थ म्हणाले, "सगळे आमचेच आहे, त्याची काळजी नको." त्या जोडप्याने मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात चौकशी केली. दुकानदाराने एवढेच सांगितले की भावाभावांचे बोलणे नाही. आता हे जोडपे त्या वृद्ध गृहस्थांना तोंडावर काय सांगणार? 'तुमच्या मालकीचा आम्हांला भरवसा वाटत नाही' असे म्हणणार? ते दलालाला फोन करून सांगतात की आम्हांला पूर्वमुखी पाहिजे होते. दक्षिणमुखी दार ही पुष्कळदा गिऱ्हाइकाने दाखविलेली सभ्यता असते. आपण ती सभ्यता खरे कारण म्हणून कवटाळून बसतो, कारण खरे कारण आपल्याला ऐकावयाचे नसते.

घराचे दोष दोन प्रकारचे असतात. भिंतीला ओल आहे, मोरीचे पाणी तुंबते, कौले फुटली आहेत, जिना अंधारा आहे, गाडी लावावयास जागा नाही, हे डोळ्यांना दिसणारे दोष. गिऱ्हाईक मिस्त्री आणून खर्चाचा अंदाज काढते, तेवढी किंमत कमी करून मागते, आणि घासाघीस होऊन सौदा होतो. दुसरे दोष न दिसणारे: वारसांपैकी कोणाची संमती नाही, न्यायालयात दावा चालू आहे, तळमजल्यावर जुना भाडेकरू आहे, रस्तारुंदीकरणाची नोटीस येऊन पडली आहे. या दोषांची किंमत गिऱ्हाइकाला काढता येत नाही. ओल किती खर्चात जाईल ते मिस्त्री सांगतो. नागपूरचा पुतण्या किती वर्षांनी सही करील ते कोण सांगणार? म्हणून दिसणाऱ्या दोषामुळे घराचा भाव उतरतो, पण न दिसणाऱ्या दोषामुळे गिऱ्हाईकच निघून जाते. आपण मात्र विक्रीपूर्वी पहिल्या दोषावर चुना फासतो आणि दुसऱ्यावर मौन.

पूर्वी हे खपून जात असे. घेणारा ओळखीतला असे, भविष्यनिर्वाह निधी आणि बायकोच्या बांगड्या यांवर घर घेई, आणि वडीलधाऱ्यांच्या शब्दावर विसंबून राही. आज घर घेणारा सामान्य माणूस बँकेचे कर्ज काढून घेतो. त्यामुळे आपल्या घराचा पहिला परीक्षक गिऱ्हाईक नसून बँकेचा वकील असतो. तो देवघर पाहत नाही. तो साधारणतः तीस वर्षांचा मालकीचा इतिहास मागतो, मृत्यूचे दाखले मागतो, वारसांची यादी मागतो, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो. नगर निगमची मालमत्ता कराची पावती पुढे केली तर तो बाजूला ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. कर कोण भरतो एवढेच त्या पावतीवरून कळते. नामांतरणाच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. तरीही 'टॅक्स दादांच्या नावाने येतो, म्हणजे घर दादांचे' हा समज आपल्या घराघरांत ठाण मांडून आहे.

याहून खोल रुतलेला समज मुलींच्या हिश्श्याविषयीचा. कोणालाही विचारा, तो सांगेल की मुलींना हक्क मिळाला तो २००५ साली, आणि आमचे वडील तर त्यापूर्वीच गेले. हे अर्धसत्यदेखील नव्हे. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. त्यानंतर जो हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, त्याच्या स्वकष्टार्जित घरात त्याची विधवा, मुलगे आणि मुली यांना समान हिस्सा तेव्हापासूनच आहे. त्याची आई हयात असेल तर तिलाही. मुलीला अडवीत होते ते त्याच कायद्याचे २३ वे कलम. कुटुंबीय राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस करीत नाहीत तोवर मुलीने ती मागू नये, असे त्यात म्हटले होते. म्हणजे हिस्सा होता, मागण्याची सोय नव्हती. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने हे कलम काढून टाकले, आणि त्याच दुरुस्तीने वडिलार्जित सहदायिकी मालमत्तेतही मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. या हक्कासाठी २००५ साली वडील हयात असण्याची आवश्यकता नाही. आणि 'आमची तोंडी वाटणी पूर्वीच झाली आहे' हा बचाव सहजासहजी मानला जाणार नाही, अपवादात्मक परिस्थितीत आणि सार्वजनिक कागदपत्रांचा आधार असेल तरच त्याचा विचार होईल. बँकेच्या वकिलाला हे सर्व पाठ असते. अज्ञान असते ते घरवाल्यांचे, आणि पुष्कळदा ते सोयीचे अज्ञान असते.

हे आम्ही उंच आसनावरून सांगत नाही. आमच्या स्वतःच्या घराची कथा याहून निराळी नाही, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमच्या आजोबांनी होळकरशाहीत, १९३८ साली, स्वतःच्या कमाईतून घर घेतले. ते १९६९ साली मृत्युपत्र न करता वारले. मागे आजी, तीन मुलगे आणि दोन मुली. प्रत्येकाचा हिस्सा एक-षष्ठांश. आजी १९७८ साली गेली. तिचा हिस्साही पाच मुलांत समान वाटला गेला, म्हणजे प्रत्येकास एक-पंचमांश. अशा रीतीने दोन्ही आत्यांचे मिळून दोन-पंचमांश घर होते. हे गणित कोणालाही करता आले असते. आमच्या घरात ते कोणी केले नाही, आणि नोंदणी खात्यात नोकरीला असलेल्या आम्हीही केले नाही. दुसऱ्यांचे दस्तऐवज तपासताना आम्ही ज्या प्रश्नावर बोट ठेवीत होतो, तोच प्रश्न घरी थोरल्या काकांपुढे काढण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. मोठ्यांचा शब्द मोडू नये, या सबबीखाली आमचा भित्रेपणा झाकला गेला.

धाकट्या काकांची मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. त्यांच्या उपचारासाठी २००४ साली घर विकावयाचे ठरले. पाच वर्षांत चार गिऱ्हाइके आली आणि गेली. पहिल्या दोघांनी दक्षिणेचे कारण सांगितले. आम्ही पुढचे दार बंद करून बोळाच्या बाजूने नवे दार फोडले, त्यावर गणपती बसविला. तिसऱ्याने काहीच सांगितले नाही. चौथ्याच्या बँकेने वर्तमानपत्रात सूचना दिली, तेव्हा नागपूरहून थोरल्या आत्यांच्या मुलाचे नोंदणीकृत पत्र आले: आमच्या आईचा हिस्सा आम्हांला न विचारता विकता येणार नाही. घरात मोठाच संताप झाला. परक्याचे रक्त, लोभी, वगैरे शब्द उच्चारले गेले. त्या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता. गिऱ्हाइकाने दिलेला बयाणा परत मागितला आणि तो आम्हांला परत करावा लागला.

धाकट्या आत्या देवासला राहत. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. पावसाळ्यात त्यांच्या दोन खोल्यांपैकी एकीत बादल्या ठेवाव्या लागत. सही मागण्यासाठी अखेर आम्ही गेलो. त्यांनी हक्कसोडपत्र शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाल्या, "सही देते रे, माझा भाऊ आजारी आहे. पण इतकी वर्षं मी दर भाऊबीजेला येत होते, तेव्हा कोणी म्हटलं असतं की ताई, यात तुझंही आहे, तर मी आपण होऊन दिली असती." आम्ही तो कागद परत पिशवीत घातला. पुढे दोन्ही आत्यांच्या बाजूंना विक्रेते म्हणून खरेदीखतात घ्यावे आणि त्यांचा हिस्सा त्यांना द्यावा, असे ठरले. परंतु काकांचे मन वळविण्यात आणि नागपूरची मने सांधण्यात आणखी काळ गेला. घर विकले गेले ते २०१२ साली, दक्षिणमुखी दारासकट, कारण घेणाऱ्याने आम्ही बंद केलेले दार पुन्हा उघडून घेतले. धाकटे काका २०१० सालीच गेले होते.

म्हणून आमचे म्हणणे आहे की आपल्या घराचा दोष दाराच्या दिशेत शोधू नये. तो आपल्या जिभेत शोधावा. जी गोष्ट वेळेवर बोलावयाची ती आपण बोललो नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की बहिणींना स्वतःलाच हिस्सा नको असतो. असेलही. अनेक बहिणी आनंदाने हक्क सोडतात आणि त्यात काही गैर नाही. पण जे आपले आहे हेच ठाऊक नाही, ते सोडले असे कसे म्हणता येईल? आधी सांगावे, हिश्श्याची किंमत सांगावी, आणि मग विचारावे. तिने सोडला तर तसे हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे; स्थावर मालमत्तेतला हक्क नुसत्या तोंडी शब्दाने सुटत नाही. भाऊबीजेची ओवाळणी आणि लग्नातला खर्च यांनी तो फिटला, असे समजणे ही आपण स्वतःला दिलेली पावती आहे. तिच्यावर बहिणीची सही नसते.

दुसरा आक्षेप असा की हिश्श्याचा विषय काढला तर माहेर तुटते. आमचा अनुभव असा की माहेर तुटते ते विषय वेळेवर न काढल्याने. बँकेच्या सूचनेनंतर काढलेला विषय हा विश्वास नसून गरज असते, आणि ज्याची सही मागतो त्याला ते पुरते कळते.

तिसरा आक्षेप काही अंशी खरा आहे. गिऱ्हाईक आणि दलाल हे कागदातील बारीकसारीक त्रुटी पुढे करून भाव पाडतात, वयोवृद्ध विक्रेत्याला घाबरवितात. असे होते, आम्ही पाहिले आहे. परंतु त्रुटी पुढे करता येते ती असते म्हणून. ज्याचे कागद स्वच्छ आहेत त्याला कोण घाबरविणार? भाव पाडणाऱ्याला दारातून परत पाठविण्याची ताकद स्वच्छ कागदांतून येते, होकायंत्रातून येत नाही.

काही कुटुंबे आणखी एक पळवाट काढतात. सर्वांची संमती मिळत नाही, तर एक भाऊ आपल्यापुरता हिस्सा विकावयास काढतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या ४४ व्या कलमानुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला, तरी त्याला घरात येऊन एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या विभाजन कायद्याप्रमाणे घरातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा योग्य किमतीला विकत घेण्याची मागणी करता येते. असा सौदा शहाणे गिऱ्हाईक करीत नाही. जे करते ते बहुधा दांडगाईच्या बळावर करते, आणि मग उरलेल्या भावंडांचे काय होते ते जुन्या वस्तीत राहणाऱ्यांना सांगावयास नको. मुखत्यारपत्रावर घर 'विकण्या'ची युक्तीही तशीच पोकळ. अशा व्यवहाराने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या निकालात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

आता भाडेकरूविषयी. तळमजल्यावर जुन्या काळापासूनचा दुकानदार असतो, भाडे नाममात्र असते. गिऱ्हाइकाने विचारले तर उत्तर मिळते, "तो निघेल हो, आम्ही सांगून ठेवले आहे." मध्य प्रदेशात भाडेकरूला १९६१ च्या स्थान नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे. कायद्यातील कारण सिद्ध केल्याशिवाय त्याला काढता येत नाही, आणि घर विकले तर घेणाऱ्याच्या गळ्यात तो भाडेकरूसकट पडते. हे घेणाऱ्याला कळत नाही, असे ज्याला वाटते तो स्वतःला फसवीत असतो. भाडेकरूशी आधी लेखी बोलणे करावे, त्याचा मोबदला ठरवावा, किंवा तो राहणार हे उघड सांगून तेवढी किंमत कमी घ्यावी. याखेरीज चौथा मार्ग नाही.

रोख रकमेचेही तसेच. अर्धे पैसे चेकने आणि अर्धे 'वरचे', ही मागणी ऐकून कर्ज काढणारा नोकरदार उठून जातो, कारण बँक वरचे पैसे देत नाही. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून बंदी आहे. प्रामाणिक गिऱ्हाइकाला आपण अशा मागणीने घालवितो आणि मग प्रामाणिक गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून हळहळतो.

आणि शेवटी एक अप्रिय गोष्ट. गिऱ्हाईक आपले घर नाकारते ही तक्रार आपण करतो. आपल्या घराने किती गिऱ्हाइके नाकारली याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय? 'घर आपल्यातल्याच माणसाला द्यावयाचे', 'आडनाव काय म्हणालात?', 'मांसाहार करीत नाही ना?' हे प्रश्न आम्ही पुष्कळ ओसऱ्यांवर ऐकले आहेत. चांगली नोकरी, चोख पैसे, नीट वागणूक असलेली माणसे केवळ आडनावामुळे दारातून परत गेली आहेत. जे घर आपण सोडून चाललो आहोत, ज्यात आपली मुले परत येणार नाहीत, त्यात उद्या कोणी काय शिजवावे याची चिंता आपण का वाहतो? अहिल्याबाईंचे नाव दिवसातून दहा वेळा घेणाऱ्या शहरात तरी हे शोभत नाही. परिणाम असा होतो की 'आपल्यातला' माणूस येत नाही, कारण तो पुण्याला किंवा परदेशी गेलेला असतो. आणि शेवटी पडलेले घर मातीमोल भावात अशा बांधकाम ठेकेदाराच्या हाती जाते, ज्याचे आडनाव विचारण्याची आपल्यात ताकद उरलेली नसते.

उपाय अवघड नाहीत. ते केवळ वेळेवर करावयाचे असतात. घर विकावयाचे असो वा नसो, वडीलधारी हयात असतानाच वंशावळ लिहून काढावी आणि तीत मुलींची नावे मुलांच्या बरोबरीने लिहावी. ज्याला आपल्या इच्छेप्रमाणे वाटणी व्हावी असे वाटते त्याने मृत्युपत्र करावे. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य आहेत. वाटणी झालीच असेल, तर आधी झालेल्या वाटणीची केवळ आठवण म्हणून केलेली यादी निराळी आणि स्वतःच वाटणी करणारा कागद निराळा, हे ध्यानात ठेवावे. अशा दुसऱ्या प्रकारच्या कागदाची १९०८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झाली नसेल, तर तो हक्काचा पुरावा ठरत नाही. अनेक घराण्यांत होळकरशाहीतील कागद मोडी लिपीत आहेत. ते वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. जाणकाराकडून त्यांचे देवनागरी लिप्यंतर आजच करून ठेवावे. उद्या बँकेचा वकील त्या कागदाकडे चित्र पाहावे तसे पाहील.

विक्रीला काढताना सर्व हिस्सेदारांनी एकत्र बसावे, आणि घराचे जे दोष आपल्याला ठाऊक आहेत ते एका कागदावर लिहून पहिल्या भेटीतच गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे. हा आमचा भाबडेपणा नव्हे. आपल्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या सावधगिरीने न कळणारा असा घराचा वा मालकीचा महत्त्वाचा दोष त्याला सांगितला पाहिजे, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम विक्रेत्यालाच सांगते. आपण ज्याला व्यवहारचातुर्य समजतो, त्याला कायदा लपवाछपवी म्हणतो.

आमच्या जुन्या घराजवळून आजही कधी जाणे होते. घेणाऱ्याने ओसरीला जाळी लावली आहे, वर एक मजला चढविला आहे. दारावर आमच्या ओळखीचे नसलेले आडनाव आहे आणि आत मुलांचा गलका ऐकू येतो. दार अजून दक्षिणेलाच आहे. धाकट्या आत्यांच्या देवासच्या खोलीवर आता पक्के छत आहे. ते त्यांच्या वडिलांच्या घराच्या एक-पंचमांशातून झाले. ते १९७८ सालीच होऊ शकले असते. ज्यांच्या दारावर आज पाटी लटकते आहे, त्यांनी ती पुन्हा रंगविण्यापूर्वी एकदा आपल्या बहिणीला फोन करावा.